बांध हा नववा वाटेकरी



विहीर खणायची म्हटली की आपण गोल खणतो. चौकोनी विहिरी आहेत, पण थोड्या. गोल भिंत मातीचा दाब चांगला झेलते हे एक कारण. दुसरं कारण जुन्या गवंड्यांना बरोबर ठाऊक होतं, बांधकाम कमी लागतं आणि पोट मोठं मिळतं. २० फूट व्यासाच्या विहिरीचा घेर होतो ६३ फुटांच्या आसपास आणि तळ ३१४ चौरस फूट. तेवढ्याच घेराची चौकोनी विहीर खणा, तळ भरतो जेमतेम २४७. दगड तेवढाच, मजुरी तेवढीच, पाणी मात्र कमी.

विहीर खणताना जी अक्कल आपण वापरतो ती रानाची वाटणी करताना कुठं जाते? आजची नोंद त्या भांडणाची आहे. आणि भांडण माझ्या घरातलंच आहे, त्यामुळे कुणाला टोमणा मारतोय असं समजू नका.

आमचं रान चार एकर. रस्त्याच्या कडेला रुंदी ३३० फूट आणि रस्त्यापासून ओढ्याकडे लांबी ५२८ फूट. वडलांच्या माघारी आम्ही चार भावांनी वाटून घेतलं, प्रत्येकी एक एकर. कसं वाटलं? सगळे वाटतात तसं. रस्त्यापासून ओढ्यापर्यंत उभ्या चार पट्ट्या, प्रत्येक साडेब्याऐंशी फूट रुंद. आता चौघांची मिळून आठ पोरं. त्यात एक माझी लेक. तिनं हक्कसोड केलेली नाही आणि मी तिला करायला सांगितलेलंही नाही. २००५ च्या दुरुस्तीनं पोरीचा वाटा पोराएवढाच, तो विषय आमच्या घरात संपला.

दिवाळीनंतर या आठ जणांची वाटणी करायची ठरली आहे. परवा थोरल्या अण्णांचा पोरगा टेप घेऊन आला. म्हणाला, "तात्या, सोपं आहे. प्रत्येक पट्टीच्या मधोमध एक बांध टाकायचा. सव्वाएक्केचाळीस फूट ह्याला, सव्वाएक्केचाळीस फूट त्याला. प्रत्येकी २० गुंठे. कुणाला गुंठाभर कमी न्हाई की जास्त न्हाई."

मी म्हटलं, टेप गुंडाळ. आधी हिशोब कर.

त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितो. वही-पेन्सिल घ्या.

गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद चौकोन. असे ४० चौकोन म्हणजे एकर. घरातल्या फरशीवर बसा आणि फरशीचा एक चौकोन म्हणजे एक गुंठा असं धरा. आता ४० चौकोनांचा एकर खडूनं वेगवेगळ्या तऱ्हेनं आखा.

५ बाय ८ चौकोन : घेर ८५८ फूट.
४ बाय १० : घेर ९२४ फूट.
२ बाय २० : घेर १४५२ फूट.
१ बाय ४० : घेर २७०६ फूट.

चारही वेळा क्षेत्र एकच, ४० गुंठे. सातबाऱ्यावर चारही सारखेच दिसणार. पण शेवटच्याचा घेर पहिल्याच्या तिपटीहून जास्त.

आता उलटं करा. ८५८ फूट तार घ्या. ५ बाय ८ च्या रानाला ती बरोबर पुरते, आत ४० गुंठे. तीच तार १ बाय १२ च्या पट्टीलाही बरोबर पुरते. आत किती? १२ गुंठे. तार तेवढीच, खांब तेवढेच आणि आतलं रान तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. "माझ्या रानाला एवढी तार लागली, म्हणजे एवढं क्षेत्र असणार" असं बोलणारी माणसं मी बाजारात रोज ऐकतो. घेरावरून क्षेत्र कळत नाही आणि क्षेत्रावरून घेर कळत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही मोजाव्या लागतात.

हे काही मी शोधलेलं नाही. चाळीसगावजवळच्या पाटणशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे, त्या भास्कराचार्यांनी ११५० साली लीलावती लिहिली. त्यात त्यांनी साफ सांगितलंय की चौकोनाच्या नुसत्या चार बाजू सांगून क्षेत्रफळ ठरत नाही, कर्ण किंवा लंब सांगावाच लागतो. तो न सांगता क्षेत्र विचारणाऱ्याला त्यांनी पिशाच्च म्हटलंय आणि उत्तर देणाऱ्याला त्याहून वरचढ. पावणेनऊशे वर्षं झाली. आजही नांगरटीचा हिशोब करताना आपण समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढतो, गुणतो आणि पैसे देतो. चारही बाजू १३२ फूट असलेलं रान काटकोनात असेल तर १६ गुंठे भरतं. तेच तिरकं असेल, कोपरा ६० अंशांचा, तर पावणेचौदा-चौदा गुंठेच भरतं. टेप दोन्हीकडे सारखाच फिरतो. दोन गुंठ्यांचे पैसे कुणाच्या खिशातून गेले ते तुम्हीच बघा.

आता आमच्या रानाकडे या.

रानाच्या कडेला पीक येत नाही हे सांगायला कृषी अधिकारी नको. मी माझ्या रानात टेप लावून बघितलं. बांधाचा माझ्या बाजूचा एक फूट, त्याला लागून गवताचा, सावलीचा आणि नांगर न पोचणारा दोन फुटांचा पट्टा. म्हणजे प्रत्येक कडेला तीन फूट गेलं. तुमच्याकडं दोन असेल, चार असेल. मोजा.

ऊस साडेचार फुटी सरीत. आमचं ३३० फूट रुंदीचं रान एकसंध असताना दोन्ही कडांचे तीन-तीन फूट सोडून ३२४ फूट उरायचं. त्यात ७२ सऱ्या. वडलांच्या काळात या रानात ७२ सऱ्या बसायच्या.

आम्ही चौघांनी वाटणी केली. साडेब्याऐंशी फुटांतून सहा फूट गेलं, साडेशहात्तर उरलं, १७ सऱ्या बसल्या. चार सतरे अडुसष्ट. चार सऱ्या गेल्या. कुठं गेल्या? बांधात. त्या वेळी कुणालाच चुकचुकल्यासारखं वाटलं नाही, कारण प्रत्येकाचा एकर पुरा होता.

आता पुतण्याच्या टेपानं वाटणी करू. सव्वाएक्केचाळीसातून सहा गेले, सव्वापस्तीस उरले. साडेचार फुटी सऱ्या बसतात सात, वर पावणेचार फूट उरतं. सरी जरा आवळून ४.४ फुटांची केली तर कशाबशा आठ बसतात. आठांना आठ, चौसष्ट. बहात्तरातून चौसष्ट गेले, उरल्या आठ.

म्हणजे आठ पोरांना आठ-आठ सऱ्या आणि बांधालाही आठ सऱ्या. बांध हा नववा वाटेकरी झाला की! त्याला ना खायला तोंड, ना खत घालायला हात, ना सोसायटीचं कर्ज फेडायची काळजी. पण वाटा सगळ्यांच्या बरोबरीनं.

सऱ्यांवर विश्वास नसेल तर गुंठ्यांत काढा. आठ पट्ट्यांच्या मधे सात बांध, प्रत्येक ५२८ फूट. दोन्ही बाजूंचे तीन-तीन धरून सहा फूट रुंद. २२,१७६ चौरस फूट, म्हणजे २० गुंठ्यांच्या वर. पोराचा वाटा किती? २० गुंठे. एका पोराचा अख्खा वाटा. गुंठ्याला टनभर ऊस धरला आणि टनाला ३,००० रुपये धरले तरी दरसाल ६० हजारांचा ऊस बांधाखाली पुरला जाणार.

लोक मला तीन गोष्टी सांगतात. तिन्हींत दम आहे, म्हणून तिन्हींना उत्तर देतो.

पहिली, "उभ्या पट्टीत प्रत्येकाला रस्ता मिळतो, ओढा मिळतो, वरची मुरमाड आणि खालची काळी दोन्ही मिळते." खरं आहे. आपल्या वाडवडलांनी पट्ट्या मूर्खपणानं पाडल्या नाहीत, न्यायासाठी पाडल्या. चांगलं-वाईट सगळ्यांच्या वाट्याला यावं म्हणून. दोन पट्ट्या होत्या तोवर तो न्याय परवडत होता, आठ झाल्यावर परवडत नाही. रस्त्यासाठी मधोमध दहा फुटांची वाट सोडा आणि ती वाटणीपत्रात लिहा. पाण्याच्या पाइपाचा हक्क लिहा. मातीची प्रतवारी करा, मुरमाडवाल्याला गुंठा-दोन गुंठे जास्त द्या. आमचं रान दोन उभे, चार आडवे असे आठ चौकोन पाडलं, तर प्रत्येक तुकडा १६५ बाय १३२ फूट होतो. २० गुंठेच. पण घेर ५९४ फूट. पट्टीचा घेर ११३८ फूट, जवळजवळ दुप्पट. आतले बांध सव्वाआठ गुंठे खातात आणि शेवटच्या तुकड्यापर्यंतची वाट साडेतीन गुंठ्यांच्या वर. दोन्ही मिळून बारा गुंठे धरा. वीस कुठं आणि बारा कुठं? सगळ्यांना रस्ता देऊनही आठ गुंठे वाचले.

दुसरी, "लांब सरी असली की ट्रॅक्टरला वळणं कमी." हेही खरं. पण लांब सरीला रुंद रानाची जोड लागते. चाळीस फुटांत ऊसतोडणीचं मशीन घालून बघा. आठ सऱ्यांसाठी मशीनवाला येतच नाही, आणि आला तर वळताना शेजाऱ्याचा ऊस तुडवतो. मग त्या सऱ्यांच्या लांबीचा उपयोग काय?

तिसरी, "कडेची सरी जोरात येते, ऊन-वारा मिळतो." येते. रानाच्या एका बाजूला मोकळं असेल तर येते. पण दोन्ही बाजूंना शेजाऱ्याचा ऊस बारा फूट उभा असेल तर कसलं ऊन? शिवाय ती जोरात आलेली सरी उंदीर, डुक्कर आणि शेजाऱ्याचं तणनाशक यांच्याही तोंडाशी सगळ्यात आधी असते. घेर जेवढा मोठा तेवढी ही तोंडं जास्त.

चौथी गोष्ट कुणी सांगत नाही, ती मी सांगतो. बांध माती धरतो, म्हणून तो वाईट नाही. पण कुठला बांध? उताराला आडवा असलेला. आमचं रान रस्त्याकडून ओढ्याकडे उतरतं आणि पट्ट्यांचे बांध त्याच दिशेनं पळतात. ते ना पाणी अडवतात ना माती. आडवा बांध मातीसाठी असतो, उताराच्या दिशेनं घातलेला बांध फक्त भांडणासाठी. अर्धा फूट बांध कोरला तर ५२८ फुटांत २६४ चौरस फूट गेलं, पाव गुंठ्याला थोडं कमी. तेवढ्यासाठी सख्खे भाऊ तालुक्याच्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवताना मी पाहिले आहेत. कोरायला जेवढी लांबी जास्त, तेवढी कोर्टाची कारणं जास्त.

आता कृषी खात्यातल्या आणि विद्यापीठातल्या साहेबांना हात जोडून दोन शब्द. तुमच्या प्रयोगाच्या प्लॉटात तुम्ही कडेच्या ओळी सोडून देता. आतल्या निव्वळ क्षेत्राचं पीक मोजता आणि त्यावरून हेक्टरी आकडा काढता. शास्त्र म्हणून ते बरोबर आहे, कडेची ओळ खरं बोलत नाही. पण मग तोच आकडा आणि तीच खताची मात्रा आम्हाला सातबाऱ्यावरच्या क्षेत्राला लावायला सांगता. तुम्ही कडा वगळलीत आणि आमचं तर रानच कडेचं झालंय. ५२८ बाय सव्वाएक्केचाळीस फुटांच्या पट्टीत २० गुंठ्यांपैकी पीक उभं राहतं १७ गुंठ्यांवर. २० गुंठ्यांचं खत १७ गुंठ्यांवर पडलं की मात्रा १८ टक्के जास्त झाली. पैसा गेला आणि जमीनही खारटली. शिफारस सांगताना एकच प्रश्न जादा विचारा, "दादा, रान किती रुंद?"

सरकारचंही तसंच. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. २०२३ मध्ये प्रमाणभूत क्षेत्र बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे ठरवलं. गुंठे मोजले, रुंदी कुणी मोजली? १ बाय १० चौकोनांची पट्टीही १० गुंठे आणि २ बाय ५ चा तुकडाही १० गुंठे. पहिल्याचा घेर ७२६ फूट, दुसऱ्याचा ४६२. माझ्या तीन फुटांच्या हिशोबानं पहिल्यात पिकतात आठ गुंठे, दुसऱ्यात पावणेनऊ. कायद्याला दोन्ही सारखेच.

आणि हे माझ्या एकट्याच्या घरचं नाही. कृषी गणनेचे आकडे बघा. १९७०-७१ मध्ये महाराष्ट्रात एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टरवर आली. खाती ५० लाखांच्या आसपास होती, ती १५३ लाखांच्या घरात गेली. तुकडे वाढले की घेर वाढणारच, ते टळत नाही. पण किती वाढू द्यायचा ते आपल्या हातात आहे. आमच्या चार एकरांचा मूळ घेर १७१६ फूट. आठ चौकोनी तुकडे पाडले तर सगळ्यांचा मिळून घेर पावणेतीन पट होतो. आठ पट्ट्या पाडल्या तर सव्वापाच पट. माणसं तेवढीच, गुंठे तेवढेच.

लोकसंख्येला, पाऊसपाण्याला, दराला आपण नावं ठेवतो. ठेवायलाच पाहिजेत. पण खडूनं आपल्याच हातानं आखलेल्या रेघेला नाव कोण ठेवणार?

मग आमच्या घरात काय करायचं? मी पोरांपुढं दोन रस्ते ठेवले आहेत.

एक, वर सांगितलं तसे आठ चौकोन. यासाठी आम्हा चौघा भावांना आधी आपापसांत अदलाबदल करावी लागेल. थोरल्या अण्णांना रस्त्याकडचा भाग सोडवत नाही. मी म्हटलं, माझी पट्टी कडेची आहे, तिच्यातला रस्त्याकडचा भाग तुमच्या पोरांना घ्या, माझी दोघं ओढ्याकडे जातील. बोलणाऱ्यानं पहिला तोटा स्वतः घ्यावा, नाहीतर बोलू नये.

दुसरा रस्ता मला जास्त आवडतो. सातबारे आठ करा, फाळणीचा नकाशा करा, दोन्ही टोकांना हद्दीचे दगड रोवा आणि बांध एकही घालू नका. आहेत ते तीनही काढा. ३२४ फुटांत ७२ सऱ्या परत बसतील. आठ जणांना नऊ-नऊ सऱ्या. बांध घातला तर सात, ओढूनताणून आठ. न घातला तर नऊ. दगडापासून दगडापर्यंत सरी ज्याची त्याची, ऊस ज्याचा त्याचा, बिल ज्याचं त्याच्या खात्यावर. कुणाला मधेच सोयाबीन करायचं असेल तर पाणी अडण्यापुरता एक वरंबा पुरतो. मशीन आलं तर एका फेरीत सगळ्यांचं तोडून जाईल.

पुतण्या म्हणाला, "बांध नसला तर भांडणं होतील की."

मी विचारलं, "बांध असताना झाली नाहीत व्हय?"

तो हसला. टेप मात्र गुंडाळून ठेवला नाही, अजून त्याच्या गाडीच्या डिकीत आहे. अण्णांनी अजून होकार दिलेला नाही. धाकट्याला पटलंय पण अण्णांसमोर बोलत नाही. दिवाळीपर्यंत वेळ आहे.

मी दहावी पास. परीक्षेत क्षेत्रफळ आणि परिमिती यांची गणितं सोडवली होती, मार्कही पडले होते. ती गणितं आपल्या रानाची आहेत हे कळायला चाळीस वर्षं गेली. तुमची गेली नसतील तर बरंच. गेली असतील तर एवढं करा, वाटणीपत्रावर सही करायच्या आधी प्रत्येक हिश्श्याच्या क्षेत्रापुढं घेर लिहा आणि रुंदीही लिहा. वाटणी कलम ८५ खाली तहसीलदारांसमोर होवो की नोंदणी कार्यालयात, कागदावर आकडे दोनच राहिले तर बांध तिसरा आकडा गुपचूप खातो.

सारखे गुंठे म्हणजे सारखी वाटणी, हे म्हणणं सोडून द्या. ते खोटं आहे. पटत नसेल तर खडू घ्या, फरशीवर ४० चौकोन आखा, मोजा आणि मग माझ्याशी भांडायला या. चहा माझ्याकडं.